इंग्रजी व्यंजनांची उच्चारस्थाने आणि मराठी जीभ

फुप्फुसांतून निघालेला श्वास ओठांबाहेर पडेपर्यंत वाटेत कुठेतरी अडवला, किंवा एखाद्या चिंचोळ्या फटीतून दाबून सोडला, की जो ध्वनी ऐकू येतो त्याला व्यंजन म्हणतात. हा अडथळा नेमका कुठे आला, कोणत्या रीतीने आला आणि त्या वेळी गळ्यातील स्वरतंतू कंप पावत होते की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कोणतेही व्यंजन जवळजवळ पुरते ओळखता येते. प्रस्तुत व्याख्यानाचा भर यांपैकी पहिल्या प्रश्नावर, म्हणजे उच्चारस्थानावर आहे, आणि उरलेले दोन प्रश्न जेथे टाळता येत नाहीत तेथेच घेतले आहेत. वेदांच्या वेगवेगळ्या शाखांचे उच्चार नियमांत बांधणाऱ्या प्रातिशाख्य नावाच्या ग्रंथांनी या बाबतीत एक फार उपयोगी भेद केला होता: मुखातील जो भाग आपल्या जागी स्थिर राहतो ते 'स्थान' आणि जो हालून त्याच्याकडे जातो ते 'करण'. 'त' म्हणताना वरचे दात हे स्थान आणि जिभेचे टोक हे करण असते. 'क' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग हे स्थान आणि जिभेचा मागचा भाग हे करण असते. आजचे ध्वनिशास्त्र नावे बदलून हाच भेद वापरते.

मराठी वर्णमाला हा उच्चारस्थानांचा नकाशाच आहे, ही गोष्ट ती रोज म्हणणाऱ्यांनाही क्वचितच सांगितली जाते. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचे पाच वर्ग घशाकडून ओठांकडे ओळीने येतात, आणि प्रत्येक वर्गात अघोष, अघोष महाप्राण, घोष, घोष महाप्राण, अनुनासिक असा क्रम पाळलेला असतो. रोमन लिपीच्या ए-बी-सी-डीला असा कोणताही आधार नाही. विल्यम जोन्स यांनी आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर १७८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात देवनागरीची मांडणी सर्वांत स्वाभाविक असल्याचे मान्य केले आणि इंग्रजी लेखनपद्धतीला कठोर शब्दांत नावे ठेवली. पुढे विल्यम व्हिटनी या अमेरिकन पंडिताने अथर्ववेदाचे प्रातिशाख्य १८६२ मध्ये आणि तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ मध्ये भाषांतरासह छापले, तोवर युरोपातही ध्वनींची स्थानांप्रमाणे वर्गवारी रुळू लागली होती. १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनी जी संस्था स्थापन केली तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघ म्हणून ओळखली गेली आणि तिच्या तक्त्यात व्यंजने स्थानांनुसारच मांडली गेली. पहिलीतले मूल क-ख-ग-घ-ङ पाठ म्हणते तेव्हा एका मोठ्या शास्त्राचा गाभा ते मुखोद्गत करत असते, पण तोच मुलगा किंवा तीच मुलगी इंग्रजी शिकू लागली की हे ज्ञान बाजूला पडते आणि स्पेलिंग हेच उच्चाराचे साधन होऊन बसते. इंग्रजीचे उच्चार शिकवण्यात मराठी शाळांचे जे नुकसान होते ते बहुतांशी इथेच होते.

इंग्रजीची स्थाने पाहण्यासाठी उदाहरणे एका बाजारातून घेऊ. लकडगंज हा नागपूरच्या पूर्व भागातील, इतवारीजवळचा, लाकडाच्या व्यापाराचा भाग. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलांतील सागवानाला या धंद्यात आजही 'सी. पी. टीक' म्हणतात, मध्य प्रांत गेला, पण त्याची इंग्रजी आद्याक्षरे लाकडावर राहिली. 'टिंबर', 'यार्ड', 'सॉ मिल', 'प्लायवूड', 'व्हिनियर', 'फ्लश डोअर', 'हार्डवेअर', 'थिकनेस', 'शीट', 'साईझ', 'सिलिंग', 'मेजरमेंट' हे शब्द येथे मराठी, हिंदी, गुजराती आणि कच्छी बोलणारे व्यापारी, गिऱ्हाईक, सुतार आणि हमाल सारख्याच सहजतेने वापरतात, आणि इंग्रजीतील एकूण एक उच्चारस्थाने या डझनभर शब्दांत येऊन जातात. म्हणून उदाहरणांसाठी दूर जाण्याचे कारण नाही.

ब्रिटनमधील प्रमाण इंग्रजीत चोवीस व्यंजने धरतात. ओठांकडून घशाकडे जावे तर पहिले स्थान दोन्ही ओठांचे: 'प', 'ब', 'म' आणि 'वूड'मधला ओठ गोल करून काढलेला 'व'. दुसरे दंतोष्ठ्य, म्हणजे वरचे दात खालच्या ओठाला लागून होणारे: 'फ्लश'चा पहिला ध्वनी आणि 'व्हिनियर'चा पहिला ध्वनी. तिसरे निव्वळ दातांचे: 'थिकनेस'चा पहिला ध्वनी आणि त्याचा घोष जोडीदार. चौथे दंतमूलीय, ज्यात 'टिंबर'चा 'ट', 'डोअर'चा 'ड', आणि 'न', 'स', 'साईझ'मधला शेवटचा ध्वनी व 'ल' असे सहा येतात. त्याच्या किंचित मागे 'र'. त्याच्याही मागे दंतमुळापासून टाळूपर्यंत जिभेचा पाता उचलून होणारे तालु-दंतमूलीय चार ध्वनी, म्हणजे 'चेअर'चा 'च', 'जॉइंट'चा 'ज', 'शीट'चा 'श' आणि 'मेजरमेंट'च्या मधला ध्वनी. मग 'यार्ड'चा तालव्य 'य'. मग मृदुतालव्य 'क', 'ग' आणि 'सिलिंग'च्या शेवटचा अनुनासिक. आणि सर्वांत मागे, स्वरतंतूंच्या फटीतच होणारा 'हार्डवेअर'चा 'ह'. 'वूड'च्या 'व'ला खरे तर दोन स्थाने आहेत, कारण ओठ गोल होत असतानाच जिभेचा मागचा भाग मऊ टाळूकडे उचललेला असतो.

या यादीत नजर खिळते ती चौथ्या स्थानावर. इंग्रजीतील एक चतुर्थांश व्यंजने वरच्या दातांच्या लगेच मागे हिरडीचा जो उंचवटा असतो त्यावर होतात, आणि मराठी वर्णमालेच्या पाच वर्गांपैकी एकाही वर्गाचे ते स्थान नाही. मराठी 'त' त्या उंचवट्याच्या पुढे, दातांवर होतो. 'ट' त्याच्या मागे, जिभेचे टोक वर वळवून टाळूच्या पुढच्या भागाला लावून होतो. हे पाहण्याची एक जुनी आणि साधी प्रयोगरीत आहे: कोळशाची बारीक पूड तेलात कालवून जिभेवर लावायची, ज्यात तपासायचे व्यंजन एकदाच येते असा शब्द एकदाच उच्चारायचा आणि लगेच छोटा आरसा तोंडात धरून वर कुठे डाग पडला ते पाहायचे. मराठी 'त'चा डाग दातांच्या आतल्या बाजूला सापडतो. 'ट'चा डाग उंचवट्याच्या मागे एका छोट्या पट्ट्यात असतो. आणि लंडनच्या माणसाच्या 'टी'चा डाग या दोहोंच्या मधोमध, नेमका उंचवट्यावर उमटतो. सारे अंतर काही मिलिमीटरांचे आहे, पण परक्या कानाला 'भारतीय उच्चार' म्हणून जे चटकन ओळखू येते त्याचा मोठा भाग या काही मिलिमीटरांत सामावलेला असतो.

हे स्थान भारतीय शास्त्राला अज्ञात होते असे मात्र नाही. ऋग्वेदाच्या प्रातिशाख्याने त-वर्गच दातांऐवजी दंतमुळाशी सांगितला आहे, आणि 'र' काहींच्या मते दंतमुळाच्या उंचवट्यावरचा आहे अशी नोंदही केली आहे, तर पाणिनीय परंपरेने तोच 'र' मूर्धन्य, म्हणजे 'ट'च्या जागेवरचा, मानला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी असा मतभेद नोंदवला जातो, याचा अर्थ कुणीतरी स्वतःच्या जिभेकडे फार बारकाईने लक्ष दिले होते. आजच्या मराठी मुखाकडे तसेच लक्ष दिले तर दिसते की व्याकरणाच्या पुस्तकात 'दंत्य' म्हणून छापले जाणारे 'स', 'न' आणि 'ल' हे बहुतेकांच्या बोलण्यात दातांवर नव्हे तर दंतमुळाच्या उंचवट्यावरच होतात. म्हणजे मराठी जीभ त्या जागी दिवसातून हजारदा जाते. तिथे ती हवा पूर्ण अडवत नाही, एवढेच. ज्याला इंग्रजी 'टी' हवा असेल त्याने 'ल' म्हणण्यासाठी जीभ लावावी, ती तिथेच ठेवून कडाही टेकवाव्यात आणि मग हवा सोडावी. 'ट' पुढे ओढण्याच्या खटाटोपापेक्षा हा मार्ग जवळचा आहे.

मधल्या जागेवरचा हा ध्वनी मराठीने 'त' न ऐकता 'ट' का ऐकला, हा प्रश्न कोशातल्या जुन्या शब्दांकडे पाहिले की अधिक रंजक होतो. पोर्तुगीज 'त' खरोखर दातांवरचा होता, आणि बटाट्यासारखा अपवाद सोडला तर 'परात', 'फीत', 'तुरुंग' या पोर्तुगिजांकडून आलेल्या शब्दांत तो 'त' म्हणूनच राहिला. इंग्रजी शब्द आले तेव्हा आरंभी कानांचा निर्णय झालेला नव्हता: 'गारद' आणि 'अर्दली' यांत इंग्रजी 'डी'चा 'द' झाला, आणि 'तिकीट' या एकाच शब्दात पहिला 'टी' दातांवर गेला व दुसरा मूर्ध्यावर. पुढे मात्र निकाल एकतर्फी लागला. 'टेबल', 'टिंबर', 'डझन', 'डोअर' यांत 'त-द'ला वाव उरला नाही. त्यामागचे एक कारण इंग्रजीच्याच रचनेत आहे. इंग्रजीत तोंडाच्या पुढच्या भागात दोन रांगा आहेत, दातांवरची 'थिक' आणि 'दॅट' यांच्या आरंभीची आणि उंचवट्यावरची 'टी-डी'ची. मराठीतही तिथे दोनच रांगा आहेत, त-वर्गाची आणि ट-वर्गाची. पुढची रांग पुढच्या रांगेला आणि मागची मागच्या रांगेला जोडली गेली. स्थाने दोन्हीकडे किंवा एकीकडे थोडी चुकली असतील, पण 'थिन' आणि 'टिन', 'दे' आणि 'डे' या जोड्या मराठी माणसाच्या तोंडी कधीच एक होत नाहीत. हेच ध्वनी शिकताना अनेक फ्रेंच माणसे पहिल्या रांगेच्या जागी 'स' आणि त्याचा घोष जोडीदार आणतात, आणि तेथे 'थिंक' व 'सिंक' एक होऊन जातात.

या उदाहरणावरून जो मुद्दा निघतो तो या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे: स्थान चुकणे आणि भेद बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिकवणाऱ्याने आपली शक्ती दुसरीवर खर्च केली पाहिजे. नागपूरकराचा 'टिंबर' मूर्धन्य 'ट'ने सुरू होतो म्हणून इंग्रज ऐकणाऱ्याला तो दुसरा कोणता शब्द वाटण्याचा संभव नाही. 'थिकनेस'मध्ये मराठी माणूस हवा पूर्ण अडवून महाप्राण 'थ' काढतो, इंग्रज जिभेचे टोक दातांशी सैल ठेवून हवा झिरपू देतो. स्थान जवळजवळ एकच, रीत वेगळी, आणि तरी अर्थाची काही हानी नाही. हानी होते ती पुढच्या दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण ओठांचे. इंग्रजीत दातांना ओठ घासून होणारा 'व्हेस्ट'चा ध्वनी आणि ओठ गोल करून होणारा 'वेस्ट'चा ध्वनी हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. मराठी 'व'ला संस्कृत परंपरा दंतोष्ठ्य म्हणते आणि ते बरोबर आहे, पण त्यात घर्षण नाही. दात ओठाच्या जवळ येतात, हवा मोकळी जाते. तो इंग्रजीतल्या दोहोंपैकी कोणताच नाही आणि दोहोंच्याही जागी वापरला जातो. मराठी लेखनाने या अडचणीवर एक मार्ग काढला, आणि तो हिंदीने काढलेला नाही: 'व्हिडिओ', 'व्हॅन', 'व्होल्टेज', 'व्हिनियर' यांत 'व्ह' आणि 'वूड', 'वॉर्ड', 'वॉच' यांत 'व'. 'केव्हा', 'नव्हे', 'जिव्हाळा' या शब्दांमुळे 'व्ह' मराठी जिभेला परका नव्हता, म्हणून घर्षणाची उणीव महाप्राणाने भरून काढण्यात आली. लकडगंजात एकाच गल्लीतील दोन पाट्यांवर, एकीवर मराठी वळणाने 'व्हिनियर' आणि दुसरीवर हिंदी वळणाने 'विनियर' असे दिसू शकते, आणि त्या दोन्ही पाट्या आपापल्या परीने शुद्ध असतात. मराठी युक्तीला एक भोक मात्र आहे. 'व्हाईट', 'व्हील', 'व्हीट' यांतही 'व्ह'च लिहिला जातो, आणि तो इंग्रजी स्पेलिंगमधल्या 'एच'कडे पाहून. इंग्लंडातील बहुतेकांच्या तोंडी हे शब्द 'वूड'च्याच ओठगोल ध्वनीने सुरू होतात. त्यामुळे जो भेद लेखनाने महत्प्रयासाने उभा केला तो डोळ्यांच्या भरवशावर पुन्हा मोडला गेला. 'व्हाईट'चे 'वाईट' लिहावे असा येथे आग्रह नाही, तसे लिहिल्यास मराठीत वेगळाच घोटाळा होईल. पण वर्गात उच्चार शिकवताना या दोन 'व्हं'मधला फरक सांगायलाच हवा. त्यासाठी कोणत्याही साधनाची गरज नाही, समोरच्याचे ओठ दिसत असतात.

'फ'ची गोष्ट त्यामानाने सुटत आली आहे. 'फळ', 'फणस', 'फूल' यांतला मूळ ध्वनी दोन्ही ओठ मिटून होणारा महाप्राण होता, आणि शहरी बोलण्यात तो झपाट्याने दंतोष्ठ्य घर्षकाकडे सरकतो आहे. 'फर्निचर' नीट म्हणणाऱ्या अनेकांना आता 'फळ'ही त्याच ध्वनीने म्हणण्याची सवय झाली आहे.

दुसरे, आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठिकाण आहे ते दंतमूळ आणि टाळू यांच्या दरम्यानचे. मराठीत 'च', 'ज', 'झ' यांचे दोन उच्चार आहेत, एक तालव्य आणि एक दंतमुळाजवळचा, आणि लिपी दोहोंना एकच अक्षर देते. दाराची 'चौकट' दंतमुळाजवळच्या 'च'ने सुरू होते, लाकूड 'चिरणे' तालव्य 'च'ने. 'थोडेसे' या अर्थी 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थी 'जरा' हे लिहिताना एक आणि बोलताना दोन शब्द आहेत. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठी भाषेच्या जडणघडणीवरील आपल्या प्रबंधात यामागचा नियम मांडला: इ, ए आणि य यांच्या आधी हे ध्वनी टाळूवर राहिले, इतर स्वरांच्या आधी ते पुढे दंतमुळाकडे सरकले, आणि संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द या बदलातून सुटले. 'स'च्या बाबतीतही याच स्वरांनी ओढ लावली. संस्कृतात 'स'ने सुरू होणाऱ्या धातूपासून आलेले 'शिवणे', 'शिजणे' हे शब्द मराठीत 'श'ने सुरू होतात.

इंग्रजीकडे येताना ही संपत्तीही आहे आणि हाच सापळाही आहे. 'साईझ'च्या शेवटचा ध्वनी इंग्रजीत दंतमूलीय घर्षक आहे. मराठी माणसाचा दंतमुळाजवळचा 'झ' किंवा 'ज' जागेने त्याच्या अगदी जवळ जातो, फक्त त्याच्या आरंभी जीभ क्षणभर टेकते. ज्यांच्या मातृभाषेत केवळ तालव्य 'ज' आहे त्यांना हा ध्वनी मुळापासून मिळवावा लागतो, मराठी भाषकाला तो अर्धा मिळालेला असतो. पण 'झिरो', 'झिप', 'झेब्रा' या शब्दांत पुढे इ-ए आले की जुना नियम जागा होतो आणि अनेक मुखांत तोच ध्वनी टाळूवर जातो, इतका की 'झिप' आणि 'जिप' यांच्यात केवळ महाप्राणाचा फरक उरतो. तो शिकणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे. शतकानुशतकांचा ध्वनिनियम त्याच्या जिभेवर आपले काम करत असतो. तसेच 'सीट' आणि 'शीट' यांचे. या दोन शब्दांत जिभेचे टोक दंतमुळाशी आहे की पाता त्याच्या मागे उचलला आहे एवढाच फरक, आणि 'प्लायच्या दहा शीट' सांगताना तो नेहमीच ऐकू येतो असे नाही.

नागपूरच्या बाबतीत येथे आणखी एक पदर आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील मराठीला स्वतंत्र जागा दिली आहे. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'पाणी'चे 'पानी' होते; पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीबोलीत 'डोळा'चा 'डोरा' होतो आणि 'श'च्या जागी 'स' येतो. पूर्व नागपुरात या सर्व बोली आणि छत्तीसगढीही रोजच्या कामात एकमेकींना भेटतात. ज्याच्या बोलीत 'श' नाही त्याला 'शीट' म्हणताना एक नवे उच्चारस्थान शिकायचे असते, आणि ज्याच्या बोलीत तो आहे त्याला फक्त एक सवय आवरायची असते. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजून पहिल्याला 'अशुद्ध' ठरवणारा शिक्षक भाषेशीही अन्याय करतो आणि मुलाशीही.

उरलेल्या स्थानांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. 'क' आणि 'ग' दोन्ही भाषांत सारखेच आहेत. जुनी परंपरा त्यांना कंठ्य म्हणते, पण स्पर्श होतो तो मऊ टाळूला. 'ङ' वर्णमालेत असला तरी मराठीत तो 'रंग', 'शंख' असा आपल्याच वर्गातले व्यंजन सोबत घेऊनच येतो, म्हणून 'सिलिंग'च्या शेवटी मराठी माणूस 'ग' ऐकवतो आणि इंग्रज तो गाळतो. मराठी 'ह' घोष आहे, इंग्रजी 'ह' अघोष. 'मिल'सारख्या शब्दाच्या शेवटी इंग्रजी 'ल'ला मऊ टाळूकडे जिभेचा मागचा भाग उचलल्याने एक गडद छटा येते, मराठी 'ल' सर्वत्र स्वच्छ राहतो. यांतल्या कशानेही अर्थ बदलत नाही.

'र'विषयी थोडे बोलले पाहिजे. दक्षिण इंग्लंडातील 'र' दंतमुळाच्या मागे जीभ न टेकवता होतो, आणि 'टिंबर' किंवा 'डोअर' यांच्या शेवटी तो नाहीसाच होतो. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशाने दक्षिण इंग्लंडातील निवासी शाळांत शिकलेल्या वर्गाची इंग्रजी आधाराला घेतली आणि पुढे भारतीय शाळांत ती प्रमाण मानली गेली. पण नागपुरात १८४० च्या दशकात शाळा काढणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून या शहरात आहे, ते स्कॉटलंडचे होते, आणि स्कॉटिश इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'र' ठसठशीत, पुष्कळदा जिभेच्या टोकाचा ठोका देऊन उच्चारला जातो. 'टिंबर'चा शेवटचा 'र' वाजवणाऱ्या नागपूरकराला इंग्रजीच्याच घरात नातेवाईक आहेत.

तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी उच्चार शिकवायचे तर आरंभ वर्णमालेच्या स्थानांपासून व्हावा, आणि क्रम भेदांच्या निकडीचा असावा: आधी ओठांवरचे दोन 'व', मग 'स' आणि 'श', मग 'साईझ' व 'झिरो' यांतला दंतमूलीय घर्षक, 'ट-ड'ची जागा शेवटी, आणि तीही ज्याला हवी त्याच्यासाठी. 'मेजरमेंट'च्या मधला ध्वनी, जो मराठीत स्वतंत्रपणे नाही आणि ज्यामुळे मापाचे 'मेजर' आणि सैन्यातला 'मेजर' एक होऊन बसतात, तो याच पद्धतीने दोन मिनिटांत साधतो: लांब 'श' म्हणत राहावे, जीभ आणि ओठ जागचे हलवू नयेत, आणि तसेच असताना गळ्यावर बोट ठेवून तेथे कंप जाणवेपर्यंत आवाज मिसळावा.